नगर ते श्रीनगर, विमानाशिवाय: झेलम एक्स्प्रेस आणि कटरा-श्रीनगर वंदे भारत

निकाल आधीच सांगून टाकते. नगरहून, म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगरहून, पार श्रीनगरपर्यंत रेल्वेने जाता येतं: झेलम एक्स्प्रेसने जम्मू, तिथून कटरा, आणि कटऱ्याहून वंदे भारतने श्रीनगर. साठी उलटलेले आम्ही दोघं २०२५ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला तसे जाऊन आलो. पाचपैकी चार तारे. जो तारा कापलाय तो गाड्यांमुळे नाही, जम्मू आणि कटरा यांच्यातल्या सांध्यामुळे. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी निदान तेवढा भाग तरी वाचावा, कारण सगळं नियोजन तिथेच अडतं किंवा तरतं.

विमान का नको, हे मला घरात आणि बाहेर बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागलं. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत होते. नववीच्या वर्गासमोर हिमनद्या कशा मागे सरकताहेत हे सांगायचं, लिद्दर नदीला पाणी देणारी कोलाहोई हिमनदी कशी आक्रसत चालली आहे हे सांगायचं, आणि तीच लिद्दर बघायला जाताना विमानात बसायचं, हे मला पटेना. निवृत्तीनंतर देशातल्या देशात विमान नाही असं ठरवलं. परदेशात जायची वेळ आली तर बघू, पण जिथे रूळ पोचलेत तिथे रुळांवरून.

मुलाने बंगळुरूहून फोन केला. "आई, अगं दोन दिवस गाडीत बसून काय मिळणार? विमानाचं तिकीट मी काढतो, पैशांचं बघू नकोस."

"पैशांचा प्रश्नच नाही रे," मी म्हटलं, "धुराचा आहे."

त्याला मी हिशेब पाठवला, तोच इथे देते. पुणे-श्रीनगर सरळ रेषेत साधारण सतराशे किलोमीटर. ब्रिटिश सरकार दरवर्षी वाहतुकीच्या उत्सर्जनाचे आकडे काढतं. त्यात देशांतर्गत विमानाला माणशी किलोमीटरमागे २५० ग्रॅमच्या आसपास धरतात (उंचावर सोडलेल्या वाफेचा जादा परिणाम त्यात धरलेला असतो) आणि रेल्वेला ३५ च्या आसपास. म्हणजे विमानाने एका बाजूला माणशी सव्वाचारशे किलो. नगर ते श्रीनगर रुळांवरून अंतर जास्त, तेवीसशेच्या घरात, तरी ऐंशी किलो. दोघांचं जाणं-येणं धरलं की विमानाचे सतराशे किलो आणि रेल्वेचे सव्वातीनशे. आकडे ब्रिटनचे आहेत हे मला माहीत आहे. आपली वीज त्यांच्यापेक्षा जास्त कोळशाची आहे, पण आपल्या गाड्याही त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त भरलेल्या असतात. प्रमाण थोडं इकडे-तिकडे होईल, पारडं फिरणार नाही. आणि आपल्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण आता ९९ टक्क्यांच्या पुढे गेलंय. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, त्याला बरोबर शंभर वर्षं झाली त्याच वर्षी आमचा रुळांवरचा प्रवास सबंध विजेवर झाला. रुळांच्या एकाही टप्प्यावर डिझेल नाही. उद्या ही वीज जास्तीत जास्त सूर्याची आणि वाऱ्याची झाली की तोच प्रवास आपोआप आणखी स्वच्छ होईल. विमानाच्या बाबतीत असं काही नजरेच्या टप्प्यात नाही.

दुसरी हरकत भीतीची होती. २२ एप्रिलला पहलगामला जे झालं त्यानंतर काश्मीरचं नाव काढलं तरी घरात शांतता पसरायची. त्याबद्दल मी कुणालाही सल्ला देणार नाही, ज्याने-त्याने ठरवावं. आम्ही जायचं ठरवलं. ६ जूनला कटरा-श्रीनगर मार्गाचं उद्घाटन झालं आणि त्याच आठवड्यात मी तिकिटांच्या मागे लागले. गावातल्या एका टूर कंपनीकडेही आधी चौकशी केली होती. "रेल्वेने कोणी जात नाही, बाई," म्हणाले, आणि विमानाचं पॅकेज पुढे केलं. तिथून उठले ते स्वतःच वही-पेन घेऊन बसले.

तिकिटांचं सांगते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. सकाळी आठला. झेलममध्ये सुट्टीच्या दिवसांत जागा झपाट्याने संपतात, तेव्हा साठाव्या दिवशी आठ वाजता तयार बसायचं. आता आरक्षण उघडतं त्या दिवशी ऑनलाइन तिकीट आधार जोडलेल्या खात्यालाच मिळतं, म्हणून आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, त्या दिवशी सकाळी खटपट करू नका. आमच्यासारख्या मधल्या स्टेशनावरच्या लोकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: नगरहून तिकीट काढलंत तर वेटिंग लागल्यावर ते बहुधा मधल्या स्टेशनांच्या कोट्यातलं असतं आणि ते हलता हलत नाही. पुण्याहून तिकीट काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन नगर टाकायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण सर्वसाधारण कोट्यात जागा मिळायची शक्यता वाढते. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका आणि साठ वर्षांवरचे पुरुष एकटे किंवा दोघे असतील तर लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, तिकीट काढताना तो निवडा. त्याच तिकिटात तिसरं तरुण माणूस घातलंत की हा कोटा मिळत नाही, त्याचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चपासून बंद आहे. ती परत यावी असं मला मनापासून वाटतं, कारण ज्यांच्याकडे दोन दिवस गाडीत बसायला वेळ आहे ते आम्हीच लोक आहोत. थ्री एसीचं पुण्यापासूनचं तिकीट सव्वादोन हजारांच्या आसपास पडलं.

झेलम पुण्याहून संध्याकाळी सुटते, दौंडवरून रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला नगरला येते. नगरच्या फलाटावर ही गाडी म्हणजे लष्कराची गाडी. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथे, त्यामुळे काळ्या ट्रंका आणि हिरव्या किट बॅगा प्रत्येक डब्यासमोर. आमच्या समोरच्या बर्थवर पारनेर तालुक्यातला एक जवान होता, रजा संपवून निघालेला. बायको आणि लहान मुलगी सोडायला आली होती. गाडी हलली तरी तो दारातच उभा राहिला, विळद मागे पडल्यावर आत आला. मी काही बोलले नाही, डब्यातली एक दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"मावशी, तुमचं कार्ड प्रीपेड हाय का पोस्टपेड?"

"प्रीपेड. का रे?"

"मग लखनपूर ओलांडलं की बंद. जम्मू-काश्मिरात भायेरचं प्रीपेड चालत न्हाई. तिकिटं, हॉटेलचं, समदं आत्ताच फोनमदी उतरवून घ्या. न्हाईतर कागदावर लिवा."

हे मला कुठल्याही माहितीपत्रकात दिसलं नव्हतं. यांचं कार्ड पोस्टपेड होतं म्हणून आमचं निभावलं, पण दोघांची प्रीपेड असतील तर निघण्याआधी एक पोस्टपेड करून घ्या. सगळी तिकिटं ऑनलाइन, ओटीपी फोनवर आणि फोन मुका, अशी अवस्था नको.

रात्रीतून मनमाड, भुसावळ गेलं. तापी झोपेतच ओलांडली. इटारसी सोडल्यावर सकाळी नर्मदा आली, पावसाने लाल झालेली, दोन्ही काठ भरून. पुढे बुधनीचा घाट आहे. विंध्याच्या रांगेतून गाडी चढते तेव्हा दोन्हीकडे रातापाणीचं जंगल अगदी खिडकीला लागतं, ऑगस्टात तर हिरवं इतकं दाट असतं की डबाभर हिरवा उजेड पसरतो. भोपाळ, बिना, झाशी. दुपारनंतर मोरेना आणि धोलपूरच्या मध्ये चंबळ. घळींनी फाटलेली ती जमीन मी तीस-बत्तीस वर्षं फळ्यावर खडूने काढत आले होते. "अवनालिका क्षरण" हे शब्द पोरं पाठ करायची. खिडकीतून ते बघताना मी यांना हाताला धरून उठवलं आणि दाखवलं. ज्याला भूगोलाची थोडीशी जरी ओढ आहे त्याने हा टप्पा दिवसाउजेडी झोपून घालवू नये.

डब्याबद्दल: बिछाना मिळतो, चार्जिंगची सोय आहे, एसी रात्री फार गार होतो म्हणून शाल हाताशी ठेवा. जेवण आम्ही पहिल्या दिवसाचं घरचं नेलं होतं, दशम्या, चटणी, गुळपापडी. स्टीलच्या दोन मोठ्या बाटल्या, दोन ताटल्या, दोन वाट्या. मोठ्या स्टेशनांवर नळाला बाटल्या भरून घेतल्या. गाडीत दिवसभर फिरणाऱ्या पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि फॉइलची भांडी बघून जीव तुटतो. ज्या कारणासाठी विमान सोडलं त्याच कारणासाठी एवढं ओझं उचलायला हरकत नाही. चहाच्या कागदी कपाऐवजी आपली वाटी पुढे केली तर चहावाला हसून भरून देतो, एकानेही नाही म्हटलं नाही.

दिल्ली रात्री आली. पंजाब रात्रीतच जातो. मी गजर लावून उठले होते, कारण मला सतलज बघायची होती. लुधियाना सोडल्यावर फिल्लौरच्या आधी पुलाचा आवाज बदलतो तेवढ्यावरून कळलं, खाली काळोख. उजाडताना मुकेरियांच्या पुढे बियास दिसली, आणि पठाणकोटनंतर माधोपूरला रावी. ओलांडली की कठुआ, जम्मू-काश्मीर सुरू. सतलज, बियास, रावी. पुढे चिनाब आणि झेलम राहिल्या. पंजाबच्या पाचही नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे एकापाठोपाठ एक, एकाच प्रवासात. विमानातून ढगांखाली यातली एकही ओळखू आली नसती.

जम्मूला गाडी सकाळी साडेनऊच्या सुमाराला पोचते, वेळापत्रकाप्रमाणे. आणि इथे तो सांधा येतो.

आम्ही गेलो तेव्हा जम्मूहून किंवा दिल्लीहून थेट श्रीनगरला गाडी नव्हती, कटऱ्याला उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागायचं. तेव्हा कटऱ्याहून दोन वंदे भारत होत्या, एक सकाळी ८:१० ला (मंगळवारी नाही) आणि एक दुपारी २:५५ ला (बुधवारी नाही). आता कागदावर बघा: साडेनऊला जम्मू, तिथून कटरा रस्त्याने दीड-दोन तास, म्हणजे बाराच्या आत कटरा, २:५५ ची गाडी आरामात मिळते आणि त्याच संध्याकाळी श्रीनगर. बऱ्याच जणांनी मला हेच सुचवलं. मी ते केलं नाही, आणि तुम्हीही करू नका असं मी कळकळीने सांगते. चाळीस तास धावणारी गाडी दोन-तीन तास मागे पडणं ही काही बातमी नाही. वर कटरा स्टेशनात शिरताना प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक पिशवीची तपासणी असते, रांग लागते, किमान दीड तास आधी तिथे असावंच लागतं. दोन तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरीचे पैसे कोणी परत देत नाही. एकच सलग तिकीट असतं, नगर ते श्रीनगर, एक पीएनआर, आणि मधली गाडी चुकली तर पुढच्या गाडीत जागा देण्याची हमी असती, तर विमान सोडून रेल्वेकडे वळणारे आजच्या कितीतरी पट झाले असते. माझा कापलेला तारा हाच आहे. जगातला एक अवघड रेल्वेमार्ग आपण बांधून दाखवला, तर दोन तिकिटं एकमेकांना बांधणं अशक्य नसावं.

तेव्हा जम्मूला उतरून सरळ कटऱ्याला गेलो, तिथे रात्र काढली आणि सकाळची ८:१० ची गाडी धरली. कटऱ्याचं आमचं हॉटेल यथातथाच होतं, पण वैष्णोदेवीमुळे तिथे प्रत्येक खिशाला परवडणारी राहण्याची सोय आहे, आणि एक रात्र आडवं होऊन पाठ सरळ करायची गरजही होतीच. दोन दिवसांच्या गाडीनंतर लगेच डोंगरात चढण्यापेक्षा ही रात्र प्रवासाचाच भाग धरा. वय पंचविशीचं असो नाहीतर पासष्टीचं.

वंदे भारतचं तिकीट सुरुवातीला चेअर कारचं ७१५ आणि एक्झिक्युटिव्हचं १३२० रुपये होतं. आम्ही चेअर कारने गेलो, काही कमी वाटलं नाही. तेव्हा आठ डब्यांची गाडी होती, मध्ये फक्त बनिहालला थांबा होता, तीन तासांत श्रीनगर. ही गाडी हिवाळ्यासाठी वेगळी बांधलेली आहे. चालकासमोरच्या काचेत तापणाऱ्या तारा आहेत, पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून त्यांनाही ऊब दिलेली आहे. ऑगस्टात याचा उपयोग नाही, पण जानेवारीत जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने आणि दरडींनी दिवसेंदिवस बंद असतो तेव्हा काश्मीरच्या लोकांना या गाडीचं काय मोल असेल, हे बनिहालला चढलेल्या एका वयस्क गृहस्थांनी सांगितलं. मुलीला जम्मूच्या दवाखान्यात दाखवायला घेऊन जायचं तर आधी रस्ता उघडा आहे का, ही चौकशी करावी लागायची. आता तिकीट आहे का, एवढंच बघायचं.

एक गोष्ट आधीच समजून जा. कटरा ते बनिहाल या १११ किलोमीटरपैकी ९७ किलोमीटर बोगदे आहेत. म्हणजे निसर्ग बघायला म्हणून बसाल तर बहुतेक वेळ खिडकीत स्वतःचाच चेहरा दिसेल. पण बोगद्यांच्या मध्ये जे उघडतं ते असं: कटरा सोडल्यावर थोड्याच वेळात अंजी खड्डचा पूल, ७२५ मीटर लांब, एकाच उंच मनोऱ्यावरून सोडलेल्या ९६ तारांवर तोललेला. मग रियासी. आणि बक्कल-कौरीच्या मध्ये चिनाबवरची ती कमान, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, १,३१५ मीटर लांब. गाडी त्यावर जेमतेम मिनिटभर असते. खाली चिनाब अगदी बारीक दिसते, मातकट हिरवी, आणि तिचा आवाज वर येतच नाही. डब्यातली सगळी माणसं एकाच वेळी गप्प झाली आणि गाडी पुन्हा बोगद्यात शिरल्यावर एकाच वेळी बोलायला लागली. या पुलाच्या पायाचं खडकांचं शास्त्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक जी. माधवी लता यांनी सतरा वर्षं सांभाळलं. भेगाळलेला, ठिसूळ डोंगर, भूकंपाचा पट्टा, आणि त्यावर ही कमान. माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगायला मी आता वर्गात नाही याची तेव्हा फार रुखरुख लागली.

पर्यावरणाच्या नावाने प्रवास करायचा तर दुसरी बाजूही मांडायला हवी. हा मार्ग डोंगर पोखरूनच झालाय. उधमपूर ते बारामुल्ला २७२ किलोमीटरमध्ये ३६ बोगदे, ९४३ पूल. बोगद्यांमुळे झरे आटल्याच्या तक्रारी रियासी आणि रामबन भागातल्या गावांनी केल्या आहेत, आणि ज्या बाईला पाण्यासाठी आता जास्त चालावं लागतं तिच्यासमोर मी माझ्या किलोंचा हिशेब मांडू शकत नाही. त्या गावांना पाणी पुरवणं हा या मार्गाच्याच खर्चाचा भाग असायला हवा. पण मार्ग झालेला आहे, लोखंड आणि सिमेंट वापरून झालेलं आहे. आता तो रिकामा ठेवून वरून विमानं उडवण्यात कुणाचंच भलं नाही. तो भरून वापरला तरच त्याचं काही तरी सार्थक होईल.

बनिहालनंतर पीर पंजालचा सव्वाअकरा किलोमीटरचा बोगदा. आत जाताना डोंगर, बाहेर येताना काझीगुंड आणि सपाट खोरं. भातशेती, पॉपलरच्या रांगा, पत्र्याच्या उतरत्या छपरांची घरं. जवळच वेरीनागला झेलमचा उगम. ज्या नावाच्या गाडीने नगरहून निघालो ती नदी इथे सुरू होते. पाचवी नदी.

श्रीनगर स्टेशन नौगामला आहे, लाल चौकापासून आठ-दहा किलोमीटर. इथून पुढे एक खबरदारी घ्या. बहुतेक मंडळी इथे उतरली की आठवडाभरासाठी एक मोठी गाडी ठरवतात आणि दोन माणसं रोज शे-दीडशे किलोमीटर डिझेलवर फिरतात. रेल्वेने जे वाचवलं त्यातलं बरंचसं तिथे जातं. त्याची गरज नाही. शहरात स्मार्ट सिटीच्या विजेच्या बस आहेत, चांगल्या आहेत, वेळेवर येतात. खोऱ्यात बनिहाल ते बारामुल्ला लोकल गाडी धावते, नाममात्र तिकीट, सोबत कॉलेजची मुलं, दुधाचे कॅन, सरकारी नोकर. आम्ही एक दिवस नुसते बारामुल्लापर्यंत जाऊन आलो. पट्टण, सोपोर, सफरचंदांच्या बागा रुळाला लागून. एक दिवस अनंतनागपर्यंत गाडीने आणि तिथून शेअर सुमोने पहलगामला. लिद्दरच्या काठावर बसलो. पाणी इतकं गार की पाय पाच मिनिटं ठेववत नाहीत, ते वरच्या कोलाहोईचं वितळलेलं पाणी. बाजारात माणसं कमी होती. घोडेवाले आग्रह करत नव्हते, नुसते बघत होते. चहावाल्याने पैसे घ्यायला नकार दिला, आम्ही ठेवून आलो.

वेळेचं गणित सरळ सांगते, कारण वाचणाऱ्याला तेच ठरवायचं असतं. नगरहून विमानाने म्हणजे पुण्यापर्यंत तीन तास, विमानतळावर दोन, मग बहुधा दिल्लीला बदलून श्रीनगर, सगळा मिळून एक दिवस. रेल्वेने कटऱ्याच्या मुक्कामासह तिसऱ्या रात्रीनंतरची दुपार. ज्यांना चार दिवसांची रजा आहे त्यांना हे जमणार नाही, आणि त्यांनी ओढूनताणून करूही नये. त्यांनी त्या चार दिवसांत मांडू, हंपी, ओर्छा बघावं, तीही रेल्वेने होतात. काश्मीरला जायचं तर एकदाच जावं आणि भरपूर राहावं. आम्ही दोन आठवड्यांच्या हिशेबाने गेलो म्हणून प्रवासाचे दिवस जड झाले नाहीत. गुडघे फार दुखत असतील तर मात्र टू एसी घ्या. थ्री एसीत मधला बर्थ उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि दोन रात्रींमध्ये ते जाणवतं.

परतीचं नियोजन सोपं आहे, सांधा उलट्या बाजूने सैल बसतो. आमच्या वेळच्या वेळापत्रकाप्रमाणे श्रीनगरहून सकाळी आठची वंदे भारत, अकराच्या सुमाराला कटरा, रस्त्याने जम्मू, आणि झेलम रात्री सुटते. मधे सात-आठ तास मोकळे. जम्मूत रघुनाथ मंदिर बघा, राजमा-चावल खा, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा.

महिना निवडताना मात्र सांभाळा. आम्ही ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात होतो म्हणून सुखरूप परतलो. त्याच महिन्याच्या अखेरीला जम्मू भागात असा पाऊस कोसळला की पठाणकोट-जम्मू मार्गाचं नुकसान झालं, गाड्या कित्येक दिवस रद्द राहिल्या, वैष्णोदेवीच्या वाटेवर दरड कोसळून माणसं गेली. हा पाऊस आता दरवर्षी कुठे कसा कोसळेल याचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून जुलै-ऑगस्ट टाळा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा घ्या. चिनार लाल व्हायला लागतात, पांपोरला केशराची फुलं येतात आणि ती शेतं लोकल गाडीच्या वाटेवरच आहेत. त्यासाठी तिकीट ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात उघडेल. परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटानंतर लगेच, त्याच्या साठाव्या दिवशी सकाळी आठला काढा, आणि नगरकरांनी तेही पुण्यापर्यंतचंच काढावं.